लॅमिनेटेड काच: कोल्हापुरात आम्हाला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

शोरूमचा दर्शनी भाग, जिन्यावरचा स्कायलाइट, गॅलरीचं रेलिंग, गाडीची पुढची काच. कोल्हापुरात काचेचं काम काढणारा माणूस आमच्याकडे आला की पहिला प्रश्न दराचा असतो आणि दुसरा, "फुटणार नाही ना?" काच कधी ना कधी फुटू शकते, हे आम्ही आधीच सांगतो. मग आम्ही उलट विचारतो: ती फुटली तर त्या वेळी खाली कोण असेल, टेकून कोण उभं असेल? कुठे कोणती काच घ्यायची, हे त्या उत्तरावरून ठरतं. गिऱ्हाइकांनी वेळोवेळी विचारलेले प्रश्न आणि आम्ही दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

लॅमिनेटेड काच म्हणजे नेमकी कोणती?

दोन किंवा जास्त काचांच्या मध्ये पारदर्शक प्लास्टिकचा थर घालून, उष्णता आणि दाब देऊन एकजीव केलेली काच. बाजारात तिला 'सँडविच काच'ही म्हणतात. मधला थर बहुतेक वेळा पीव्हीबीचा, म्हणजे पॉलिव्हिनाइल ब्युटिरलचा असतो. त्याची जाडी ०.३८ मिमीच्या पटीत मिळते: ०.३८, ०.७६, १.१४, १.५२. कोटेशनमध्ये '६ + १.५२ + ६' असं लिहिलेलं दिसलं तर सहा मिमीच्या दोन काचा आणि मध्ये दीड मिमीचा थर, असं वाचायचं.

कारखान्यात काचा आधी स्वच्छ धुतात, धूळ नसलेल्या खोलीत मध्ये थर अंथरतात, रोलरमधून दाबून हवा काढतात आणि मग ऑटोक्लेव्हमध्ये घालतात. तिथे साधारण १४० अंश सेल्सिअस तापमान आणि वातावरणाच्या बारा-तेरा पट दाब असतो. आत जाताना धुरकट दिसणारी काच बाहेर येताना आरपार स्वच्छ होते. पीव्हीबीशिवाय ईव्हीए आणि एसजीपी असेही थर असतात. एसजीपी पीव्हीबीपेक्षा कितीतरी कडक असतो. त्याचा विषय रेलिंगच्या प्रश्नात येईल.

ही काच निघाली कशी?

फ्रान्समध्ये एदुआर बेनेदिक्तुस नावाचे चित्रकार आणि रसायनतज्ज्ञ होते. १९०३ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत काचेचा एक चंबू खाली पडला. तो तडकला, पण तुकडे जागेवरच राहिले, कारण आत सेल्युलोज नायट्रेटचा पातळ थर सुकून बसला होता, अशी हकिकत सांगतात. १९०९ मध्ये त्यांनी पेटंट घेतलं. पहिल्या महायुद्धात गॅस मास्कच्या डोळ्यांना अशी काच वापरली गेली. त्या काळातला मधला थर उन्हात पिवळा पडायचा. १९३० च्या दशकात पीव्हीबी आलं आणि ती तक्रार मिटली.

टफन काच आणि लॅमिनेटेड, दोन्हींत चांगली कोणती?

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त वेळा येतो आणि याचं एका शब्दात उत्तर देणारा काचवाला आम्हाला पटत नाही. दोन्ही सुरक्षा काचाच आहेत, पण त्यांची कामं वेगळी.

टफन काच सुमारे ६२० ते ६५० अंशांपर्यंत तापवून एकदम गार हवेने थंड करतात. त्यामुळे पृष्ठभाग कायम दाबाखाली राहतो आणि ती त्याच जाडीच्या साध्या काचेच्या चार-पाच पट ताकदीची होते. धक्का, वारा, उष्णता ती छान सोसते. फुटली की मात्र क्षणात तिचा खडीसारखा चुरा होतो आणि चौकट रिकामी होते. तुकडे बोथट असतात, खोल जखम सहसा होत नाही. पण दुसऱ्या मजल्यावरून तो चुरा ढेकळासारखा एकत्र खाली आला तर डोकं फुटू शकतं.

साध्या काचेची लॅमिनेटेड घेतली तर ती टफनइतकी दणकट नसते. तिला तडा लवकर जाईल. पण तडा गेल्यावर तुकडे मधल्या थराला धरून राहतात, भोक पडत नाही, पाऊस आत येत नाही, मूल बाहेर पडत नाही. काच बदलेपर्यंत तुम्हाला वेळ मिळतो.

टफन काचेची आणखी एक गोष्ट गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही. तिच्यात निकेल सल्फाइडचा बारीक कण अडकलेला असेल तर ती बसवल्यानंतर महिन्यांनी किंवा वर्षांनी, कुणी हात न लावता, आपोआप फुटू शकते. असं क्वचित होतं, पण होतं. धोका कमी करायला कारखान्यात 'हीट सोक' चाचणी करतात, म्हणजे काचा भट्टीत काही तास तापत्या ठेवतात आणि सदोष काच तिथेच फुटते. उंचावर बसणारी टफन काच घेत असाल तर हीट सोक झालं आहे का, हे बिलावर लिहून मागा.

जिथे ताकदही हवी आणि फुटल्यावर जागेवर राहायलाही हवं, तिथे दोन टफन काचांची लॅमिनेटेड घ्यावी लागते.

घरात ती कुठे लागतेच आणि कुठे उगाच खर्च होतो?

डोक्यावरची प्रत्येक काच लॅमिनेटेडच हवी. जिन्यावरचा स्कायलाइट, डक्टवरचं झाकण, पोर्चचं छत, इथे आम्ही दुसरी काच बसवत नाही, गिऱ्हाइकाने कितीही आग्रह केला तरी. एप्रिल-मेमध्ये वळवाच्या गारा येतात, शेजारच्या माडावरून नारळ पडतो, वरच्या मजल्यावरून कुंडी घसरते. खालून जाणाऱ्या माणसाला काही कल्पना नसते. दुहेरी काचेचं हवाबंद युनिट असेल तर निदान आतली, म्हणजे खोलीकडची काच लॅमिनेटेड असली पाहिजे.

जमिनीपर्यंत येणाऱ्या उंच खिडक्या वरच्या मजल्यावर असतील तर तिथेही हीच. तळमजल्यावरचा सरकता दरवाजा टफन चालतो. बाथरूमच्या पार्टिशनला टफनच बरी, कारण तिथे कडा उघड्या असतात आणि रोज पाणी लागतं. साध्या उंचीवरच्या छोट्या खिडक्या, फोटोफ्रेम, शोकेसचे कप्पे यांना लॅमिनेटेड घालायची गरज नाही. तिथे वाचलेले पैसे स्कायलाइटला लावा.

स्कायलाइट साफ करायला त्यावर चढायचं का, असंही विचारतात. अजिबात नाही. चालण्याची काच वेगळ्या हिशोबाने, बहुधा तीन काचांची करतात आणि तिच्या आधाराचं गणित अभियंत्याने मांडलेलं असतं.

गॅलरीला काचेचं रेलिंग करतोय. १२ मिमी टफन पुरेल म्हणतात. खरं का?

खाली पडायचा धोका नसेल, म्हणजे पायरी-दोन पायरीचा फरक असेल, तर ठीक. पहिल्या मजल्यापासून वर आमचं उत्तर ठाम 'नाही' असं आहे. एकट्या टफन काचेचा चुरा झाला की तिथे रेलिंगच उरत नाही, आणि टेकून उभा असलेला माणूस काचेबरोबर खाली जातो.

तिथे दोन टफन काचांची लॅमिनेटेड हवी, मध्ये किमान १.५२ मिमी थर. दोन्ही टफन काचा एकाच वेळी फुटल्या तर साध्या पीव्हीबीवर ती वाकून लोंबू शकते. म्हणून वरून सलग हँडरेल घ्या आणि तो काचेवर न ठेवता दोन्ही टोकांना भिंतीत किंवा खांबात पक्का करा. हँडरेल नकोच असेल, नुसती उघडी कड हवी असेल, तर मध्ये एसजीपी घालावा लागतो. तो कडक असल्यामुळे फुटलेली काचही बऱ्याच अंशी उभी राहते. महाग पडतो, हे खरं.

आहे त्याच काचेवर फिल्म चिकटवली तर?

भाड्याचं दुकान, जुनी शाळा, जिथे चौकट बदलणं शक्य नाही, तिथे सेफ्टी फिल्म नक्की लावा. काही न करण्यापेक्षा ती खूप बरी. तुकडे फिल्मला धरून राहतात. पण फिल्म फक्त दिसणाऱ्या भागावर असते, चौकटीच्या आत गेलेली नसते. जोराचा दणका बसला तर अख्खी काच फिल्मसकट चौकटीतून निघून पडू शकते. फिल्म कडेला चौकटीशी बांधून घेण्याची पद्धत आहे, ती करून घ्या. उन्हाच्या खिडकीवर गडद फिल्म लावली की साधी काच तापून तडकू शकते, हेही लक्षात ठेवा.

गुजरीत सराफी दुकान आहे. लॅमिनेटेड लावली की चोर आत येणार नाही ना?

येऊ शकतो, पण त्याला वेळ लागेल आणि आवाज होईल. टफन काच टोकदार हत्याराच्या एका घावात मोकळी होते. लॅमिनेटेडमध्ये माणूस जाईल एवढं भोक पाडायला पुन्हा पुन्हा घाव घालावे लागतात. थर जाड तितका वेळ जास्त, म्हणून इथे १.५२ मिमी किंवा त्याहून जाड थर सुचवतो. ही काच गोळी अडवत नाही. बुलेटप्रूफ म्हणून विकली जाणारी काच अनेक थरांची, पुष्कळ जड आणि वेगळ्या चाचण्या झालेली असते. आणि काच कितीही चांगली असली तरी चौकट हलकी असेल तर चोर चौकटच उचकटतो.

शोकेसमधल्या साड्यांचा रंग उडतो. याने थांबेल?

कमी होईल, थांबणार नाही. पीव्हीबीचा थर सूर्यप्रकाशातली सुमारे ९९ टक्के अतिनील किरणं अडवतो, म्हणून महाद्वार रोडवर दुपारचं ऊन खाणाऱ्या शोकेसला फरक नक्की पडतो. पण रंग साध्या उजेडानेही उडतो आणि उष्णतेनेही. उन्हाच्या बाजूच्या साड्या अधूनमधून बदलत राहा.

याच ओघात सांगतो: बिनरंगी लॅमिनेटेड काचेने खोली गार होत नाही. उष्णता अडवायची तर रंगीत किंवा लेप दिलेली काच, नाहीतर बाहेरून छज्जा. काही जण लॅमिनेटेडला 'हीटप्रूफ' म्हणून विकतात. ते चुकीचं आहे.

मिरवणुकीच्या आवाजात घरातली म्हातारी माणसं हैराण होतात. काच बदलून उपयोग होईल?

हा प्रश्न विचारणाऱ्यांची आम्हाला खरंच काळजी वाटते, म्हणून खोटी आशा देत नाही. मधला थर काचेचं कंपन शोषतो, त्यामुळे हॉर्न, रिक्षा, बोलणं, कुत्र्यांचं भुंकणं हे आवाज त्याच जाडीच्या साध्या काचेपेक्षा कमी येतात. अकॉस्टिक, म्हणजे आवाज कमी करण्यासाठी खास केलेलं पीव्हीबी घेतलं तर आणखी फरक पडतो. पण छातीत बसणारा ठोका, स्पीकरच्या भिंतीचा तो खालचा सूर, तो नुसत्या काचेने अडत नाही. तो भिंतीतूनही येतो. त्याला वजन लागतं, दोन खिडक्यांमध्ये मोठं अंतर लागतं. सरकत्या खिडकीच्या फटी तशाच ठेवून महागडी काच बसवणं म्हणजे पैसे पाण्यात. आधी फटी बंद करा, शक्य असेल तर दाबून बंद होणारी खिडकी करा, मग काचेकडे वळा.

दोन पावसाळ्यांत कडा पांढऱ्या झाल्या, बुडबुडे आले. काच खोटी निघाली का?

क्वचित काच खराब असते. बहुतेक वेळा बसवणं खराब असतं. लॅमिनेटेड काचेचा सगळ्यात नाजूक भाग तिची कड. मधला थर कडेला उघडा असतो आणि पीव्हीबी पाणी शोषतं. जून ते सप्टेंबर कोल्हापूरची हवा ओलीच असते, गगनबावडा आणि राधानगरीकडे तर भिंतीही सुकत नाहीत. अशा हवेत कड सतत पाण्यात राहिली की थर आधी धुरकट होतो, मग काचेपासून सुटतो. सुटलेला भाग आत सरकत जातो. तो पुन्हा चिकटवण्याचा उपाय नाही, काच बदलावी लागते.

म्हणून काम चालू असताना तुम्ही स्वतः उभे राहून काही गोष्टी बघाच. खालच्या चॅनेलला पाणी निघायची भोकं आहेत का? नसतील तर ते चॅनेल म्हणजे पाण्याची पन्हळच, काच तिच्यात चार महिने उभी राहणार. काच थेट ॲल्युमिनियमवर टेकवली आहे की खाली रबराचे ठोकळे दिलेत? दोन ठोकळे, दोन्ही टोकांपासून साधारण पाव अंतरावर, आणि दोन्ही काचांना आधार देतील इतके रुंद. एकाच काचेला आधार मिळाला तर दुसरी आपल्या वजनाने थराला ओढत राहते.

मग सिलिकॉन. बंदुकीतून काढताना व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते ॲसिडिक सिलिकॉन. ते पीव्हीबीच्या कडेला बाधतं. लॅमिनेटेडला न्यूट्रल सिलिकॉनच वापरायचं. नळीवर तसं लिहिलेलं असतं. दोन्हींच्या किमतीत जो फरक आहे तो काच बदलण्याच्या खर्चापुढे काहीच नाही, तरी इथेच सर्रास काटकसर होते आणि त्याचा आम्हाला मनापासून राग येतो. साफसफाईतही ॲसिड किंवा थिनर कडेला लागू देऊ नका. साबणाचं पाणी आणि मऊ कापड पुरतं.

रेलिंग, छत यांच्या कडा उघड्या राहणारच असतील तर पाण्याला जास्त टिकणारा थर मागा. एसजीपी या बाबतीत पीव्हीबीपेक्षा सरस आहे.

पुराचं पाणी अडवायला ही काच चालेल का?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरी, नागाळा पार्ककडे शिरलं, त्यानंतर दुकानदार हे हमखास विचारतात. उत्तर नाही. एक मीटर उंच पाणी तळाशी दर चौरस मीटरला सुमारे एक टन दाब देतं. दुकानाची काच वाऱ्याच्या दाबासाठी केलेली असते आणि तो याच्या कितीतरी पट कमी असतो. शिवाय वाहत येणारी लाकडं, पिंपं वेगळीच. पूरपट्ट्यात खालचा भाग बांधकामाचा ठेवा आणि काच त्याच्या वर घ्या.

काच पाण्यात राहून वाचली असेल तर आधी चॅनेलमधला गाळ काढा, भोकं मोकळी करा, कड सुकू द्या. नुसता धुरकटपणा सुकल्यावर काही वेळा कमी होतो. थर सुटला असेल तर मात्र होत नाही.

गाडीच्या पुढच्या काचेला खडी लागून टिकली पडली. बदलू की भरून घेऊ?

आधी त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा, म्हणजे धूळ आणि पाणी आत जाणार नाही. मोटार वाहन नियमांनुसार पुढची काच लॅमिनेटेडच असावी लागते. म्हणूनच पुणे-बेंगळुरू महामार्गावर पुढच्या डंपरची खडी आली तरी ती बाहेरच्या थरावर थांबते आणि आतली काच शाबूत राहते. टिकली लहान, नाण्याच्या आतली असेल, कडेजवळ नसेल, चालकाच्या थेट नजरेसमोर नसेल, तर त्यात राळ भरून अतिनील दिव्याने घट्ट करतात. खूण थोडी राहते, पण तडा पुढे पळत नाही. उशीर केलात आणि उन्हात तापलेल्या काचेवर एसीचा गार झोत सोडलात की तडा या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. मग बदलण्यावाचून इलाज नाही.

काच बदलल्यावर बसवणारा सांगेल तितके तास गाडी हलवू नका. ती पॉलियुरेथेनने चिकटवलेली असते आणि बऱ्याच गाड्यांत शेजारच्या सीटची एअरबॅग फुगताना याच काचेचा आधार घेते. अर्धवट सुकलेल्या चिकटणीवर आंबा घाट उतरणं धोक्याचं आहे.

काळी फिल्म लावण्याआधी नियम पाहा: पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे.

गाडी पाण्यात अडकली तर काच फोडता येते का?

पावसाळ्यात बंधाऱ्यांवरून पाणी वाहत असताना गाडी घालायचीच नाही, हे पहिलं. तरी वेळ आलीच तर पुढच्या काचेवर घाव घालून वेळ घालवू नका, ती तडकेल पण मोकळी होणार नाही. लॅमिनेटेड काचेचा जो गुण तोच इथे तोटा आहे. बाजूची काच बहुतेक गाड्यांत टफन असते, टोकदार हातोडीने तिच्या कोपऱ्याजवळ मारा. काही नव्या, महागड्या गाड्यांत शांततेसाठी बाजूच्या काचाही लॅमिनेटेड असतात. आज घरी गेल्यावर काचेच्या कोपऱ्यातला छापा वाचून ठेवा आणि घरच्यांना सांगा.

आगीत ही काच टिकते का?

नाही. पीव्हीबी जळतं. अग्निरोधक काच वेगळी मिळते, तिच्या चौकटीसकट प्रमाणित केलेली.

जड आणि महाग का पडते?

काचेचं वजन जाडीच्या दर मिमीला चौरस मीटरमागे अडीच किलो. म्हणजे ६ + ६ ची काच चौरस मीटरला ३० किलोच्या वर, चौरस फुटाला जवळपास पावणेतीन किलो. जुन्या हलक्या सेक्शनमध्ये, म्हणजे चौकटीच्या पट्ट्यांत, आणि जुन्या रोलरवर ती घालता येत नाही, बिजागऱ्याही बदलाव्या लागतात. कोटेशन तुलनेला घ्याल तेव्हा चौकट, वाहतूक आणि चढवणी धरूनच बघा. किमतीत दोन काचा, मधला थर आणि ऑटोक्लेव्हचं काम येतं. त्यात टफन करून घेतली तर आणखी वाढते. एक काच तडकली तर तेवढीच बदलता येत नाही, पूर्ण तुकडा नवा घ्यावा लागतो. आणि फुटलेल्या काचेतून थर वेगळा करणं अवघड, म्हणून भंगारातही तिला फारशी किंमत नाही.

साइटवर मापाला कापून मिळेल?

साध्या काचेची लॅमिनेटेड कापता येते. दोन्ही बाजूंनी हिरा मारून, तडा देऊन, मग मधला थर कापतात. काही कारागीर थर मऊ करायला रेघेवर स्पिरिट ओतून पेटवतात. ते करू देऊ नका. हात भाजतो आणि कड तापून पुढे तिथूनच तडा जातो. टफन केलेली तर कापताच येत नाही, भोकं आणि खाचाही टफन करण्याआधीच पाडाव्या लागतात. म्हणून प्लास्टर झाल्यावर, चौकट बसल्यावर माप घ्या.

मिळालेली काच खरोखर लॅमिनेटेड आहे, हे कसं ओळखायचं?

कड बघा. दोन काचांच्या मधली बारीक रेघ डोळ्यांना दिसते. बोटाने वाजवली तर आवाज साध्या काचेपेक्षा बसका येतो. मोबाइलच्या टॉर्चची प्रतिबिंबं मोजण्याची युक्ती हवाबंद दुहेरी काचेला चालते, इथे चालत नाही, कारण पीव्हीबी आणि काच प्रकाशाला जवळजवळ सारखंच वाकवतात.

इमारतीच्या सुरक्षा काचेसाठी भारतीय मानक आयएस २५५३ भाग १ आहे, गाड्यांसाठी भाग २. काचेवर आयएसआय चिन्ह, मानकाचा क्रमांक आणि उत्पादकाचा परवाना क्रमांक छापलेला असावा. तो परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या मोबाइल ॲपवर टाकून पाहता येतो. चलनावर सही करण्याआधी प्रत्येक काच उजेडासमोर धरून बुडबुडे, कडेचे टवके आणि मध्ये अडकलेला केर पाहा. ती आडवी रचू नका, लाकडी पट्ट्यांवर थोडी कलती उभी ठेवा, आणि बसवायला वेळ असेल तर पावसाचं पाणी लागणार नाही अशा जागी.